नवा खोंड जोडीला लावताना

दोन अडाणी खोंड, म्हणजे अजून कामाला न लावलेले तरुण बैल, एका जुवात घालू नयेत. घाई असली, दोघंही घरचेच असले, लहानपणापासून एका दावणीला वाढलेले असले, तरीही नाही. एक बुजला की दुसरा त्याच्याहून जास्त बुजतो आणि जू मानेवर असल्याने दोघांना पळायला एकच दिशा उरते, पुढची. कासरा धरणाऱ्याच्या हातून ते थांबत नाहीत. दोन खोंडांचं मिळून सहाशे किलो वजन दोरीला जुमानत नाही. खोंडाला खरं शिकवतो तो शेजारचा बैल. कधी चालायचं, कुठल्या चालीने चालायचं, कधी नुसतं उभं राहायचं, हे सगळं तो त्याच्याकडून उचलतो. आपण फक्त मध्ये भीती शिरणार नाही एवढं बघायचं.

घरी शिकलेला बैल नसेल तर वारंगुळ्याने आणावा. एकेकच बैल असलेले दोन शेतकरी पेरणीपुरती जोडी करतात, तीच रीत इथेही चालते. शेजाऱ्याचा बैल दीड महिना सकाळचा तासभर मिळाला तरी पुरतं. घरचे दोन्ही खोंड तयार करायचे असतील तर आधी एकेकाला त्या बैलाबरोबर लावायचं, दोघंही हुकमात आले की मगच एकत्र.

वय आणि हंगाम

दात बघून ठरवा, जन्मतारीख सांगणाऱ्यावर नको. आदत खोंड म्हणजे दुधाचे दात असलेला. त्याला म्होरकी, म्हणजे तोंडाला बांधायची दोरी, घाला, फिरवा, पण जू नको. दोन दाती झाला, म्हणजे साधारण दोन ते अडीच वर्षांचा, की रिकाम्या जुवाची सवय सुरू करता येते. चौसा, म्हणजे चार दाती, झाल्यावर हलकं काम. सहा दाती, म्हणजे साडेतीन-चार वर्षांचा होईपर्यंत नांगराचं किंवा भरल्या गाडीचं दिवसभराचं काम देऊ नये. हाडं आणि सांधे तोवर भरलेले नसतात. लवकर जुंपलेला बैल सहा-सात वर्षांचा होईतो पुढच्या पायांनी खचतो, आणि मग ‘जातच नाजूक’ म्हणून त्याच्या जातीला बोल लागतो.

खच्चीकरण आणि वेसण दोन्ही जनावरांच्या डॉक्टरकडून करून घ्या. खच्चीकरणानंतर सूज पूर्ण उतरेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, जुवाचं नाव काढू नका. वेसणीची जखम भरायला पंधरा दिवस लागतात. या काळात वेसणीला कासरा बांधून ओढलं तर नाकाचं दुखणं आणि माणसाचा हात यांची गाठ खोंडाच्या डोक्यात कायमची बसते. पुढे हात वर गेला की तो मान झटकतो.

सुरुवात दिवाळीनंतर करावी. हवा थंड, माश्या कमी, खरिपाचं रान मोकळं झालेलं आणि मृगाला अजून सहा-सात महिने. कार्तिकात सुरू केलेला खोंड माघापर्यंत फळी-कुळवासारख्या हलक्या अवजारांना येतो, चैत्रात गाडीला रुळतो आणि ७ जूनच्या सुमारास पेरणी लागली की हलक्या पाभरीला उभा राहतो. उन्हाळ्यात सुरू करून पेरणीला जुंपायचा बेत असेल तर त्यापेक्षा त्या वर्षी भाड्याने जोडी आणलेली परवडली.

खोंड बाजारातून किंवा जत्रेतून आणला असेल तर तीन आठवडे वेगळा बांधा. लम्पीची लस झाली आहे का ते विचारा, नसेल तर डॉक्टरच्या सल्ल्याने टोचून घ्या. या तीन आठवड्यांत तुमच्या हाताची आणि आवाजाची ओळख करून देता येते, वेळ वाया जात नाही.

जोडीदार

रंग शेवटी बघा. आधी उंची: वशिंडाच्या पुढे, जू बसतं तिथे मोजून दोघांत दोन इंचांपेक्षा जास्त फरक नको. तीन इंच झाला की जू कलतं, बुटक्याच्या मानेवर जास्त ओझं येतं आणि उंच बैलाच्या मानेला आतली शिवळ (मानेच्या बाजूला जुवात घालायची खुंटी) घासते. मग टाप बघा. दोघांना वेगवेगळं शंभर मीटर मोकळं चालवा आणि वेळ लावा. कामाचा बैल हे अंतर दोन ते सव्वादोन मिनिटांत काटतो. दोघांत पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त फरक असेल तर जन्मभर एकाला आवरत आणि दुसऱ्याला हाकलत बसावं लागेल. उंची खोगीर भरून थोडीफार सावरता येते, चाल सावरता येत नाही.

शिकवणारा बैल आठ-दहा वर्षांचा, शांत आणि ‘उभा राहा’ म्हटल्यावर उभा राहणारा हवा. चपळ नसला तरी चालेल, आळशी नको. आळससुद्धा खोंड तितक्याच मन लावून शिकतो. शिंगं मारणारा अजिबात नको. शर्यतीत पळालेला बैलही या कामाला घेऊ नये. २०२१ च्या डिसेंबरात शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून खिल्लार जातीच्या भागात अशा बैलांना मोठा भाव येतो, पण मागून आवाज झाला की उसळून पुढे जायचं हेच त्याला शिकवलेलं असतं आणि गाडीच्या जोडीत नेमकं तेच नको असतं.

जातीचा फरक शिकवताना जाणवतो. खिल्लार लवकर उमगतो, पण संशयी. एकदा घाबरला तर ती जागा, ती वस्तू महिनाभर विसरत नाही. त्याला थोडं थोडं आणि रोज शिकवायचं. देवणी आणि लाल कंधारी सावकाश घेतात, पण घेतलेलं धरून ठेवतात. डांगीला पावसाची, चिखलाची भीती नसते, मात्र त्याला घाई केली की तो तिथेच पाय रोवतो.

सामान

जू हलकं आणि मानेवर बसणारा भाग गुळगुळीत असावा. हात फिरवून बघा. हाताला जे टोचतं ते कातड्याला सोलतं. खिळा, गाठ, तडा असलेलं जू शिकाऊ खोंडाला वापरू नका. दोन्ही मानांच्या मधोमध साधारण ४० इंच अंतर राहील असं जू या कामाला बरं. त्याहून आखूड असलं की शिंगाला शिंग लागतं, लांब असलं की दोघं एकमेकांवर रेलतात.

शिवळा प्रत्येक बाजूला दोन. आतल्या पक्क्या ठेवा, बाहेरच्या सहज निघतील इतक्या सैल. जोतं, म्हणजे काही भागात ज्याला जुपणी म्हणतात, ते रुंद सुती पट्ट्याचं असावं. बांधल्यावर गळा आणि जोतं यांच्यात चार बोटं आडवी जायला हवीत. घट्ट जोत्याने खोंडाचा श्वास अडकतो, तो मान खाली घालून मागे ओढतो, आणि बघणाऱ्याला वाटतं हा हट्टी आहे.

वेसण करंगळीएवढी जाड, सुती. कासरेही सुतीच, एकेक अठरा-वीस फुटांचा. नायलॉन दोन्हीकडे वाईट. नाक कापतं आणि तुमचा तळहातही. शिवाय एक जास्तीचं दावं, आठ-दहा फुटांचा मजबूत नाडा आणि वीस किलोचा एक ओंडका. खोंडाला बांधायची प्रत्येक गाठ सुरगाठ असावी, एका झटक्यात सुटणारी. तो पडला आणि गाठ आवळली तर ती सोडवायला वेळ मिळत नाही.

टोकाला आर लावलेली पराणी घरात असेल तर ती काढून टाका. ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठीचे केंद्र सरकारचे १९६५ चे नियम टोकदार काठीला मनाई करतात. त्याच नियमांप्रमाणे दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त, आणि पारा ३७ अंशांवर असलेल्या भागात दुपारी १२ ते ३ काम घेता येत नाही. शिकाऊ खोंडाचा प्रश्न या आकड्यांपर्यंत जातच नाही, पण घरात मोठी माणसं ‘आमच्या वेळी’ म्हणू लागली तर सांगायला बरं.

जुवाच्या आधी

दहा-पंधरा दिवस नुसतं हाताळायचं. रोज खरारा, मानेवर वशिंडाच्या पुढे तळहाताने दाबून चोळणं, पोटाखालून दोरी सरकवणं, मागच्या पायांना काठीने हलकेच स्पर्श. दोरी पायाला लागली की लाथ मारायची नाही हे इथेच शिकवायचं, कारण पुढे ओंडक्याची दोरी वळणावर पायाला लागणारच. पाय उचलून धरायची सवयही आताच लावा; खुराला लोखंडी पत्री मारायच्या दिवशी चौघांनी मिळून पाडायची वेळ येत नाही.

मग दोन कासरे बांधून मागून हाकायला शिकवा. आधी एक माणूस पुढे म्होरकी धरून, दुसरा मागे कासरे धरून. पुढच्या माणसाने हळूहळू नुसतं बाजूने चालायचं, मग मागे पडायचं. इशारे तीनच: चला, थांब, वळ. कोणता आवाज काढायचा ते ज्याच्या त्याच्या गावावर; कुणी जिभेने टकार देतो, कुणी ‘है’ म्हणतो. घरातल्या सगळ्यांनी एकच आवाज वापरावा आणि शिकवणारा बैल ज्या आवाजाला थांबतो तोच खोंडालाही द्यावा. कासरा ओढून धरून ठेवायचा नसतो. ओढ, सोड, ओढ, सोड. सतत ताणलेल्या वेसणीला नाक बधिर होतं आणि खोंड ‘तोंडाचा कठीण’ होतो. आधी आवाज, मग कासरा. आवाजावर थांबला तर कासऱ्याला हात लावू नका.

याच दिवसांत खोंडाला शिकलेल्या बैलाशेजारी बांधा, गव्हाण एकच. दोघं एकमेकांना चाटायला लागले की निम्मं काम झालं. ज्या बाजूला तो पुढे जुवात राहणार त्याच बाजूला बांधा.

जुवाखाली

जागा नांगरलेली हवी. ढेकळांत पाय रुततात, पळायची हौस लवकर फिटते आणि पडला तरी लागत नाही. जवळ विहीर, तारेचं कुंपण, विजेच्या खांबाची ताणाची तार नको. माणसं तीन: एक खोंडाच्या डोक्याजवळ बाहेरच्या अंगाला, एक मागे कासऱ्यांवर, एक मोकळा. खोंडाच्या थेट पुढे कुणी उभं राहायचं नाही.

वेळ सकाळची. पोटभर चारा खाल्ल्यावर लगेच जुंपू नका, तासभर जाऊ द्या. पण उपाशी, चिडलेलाही नको.

आधी शिकलेला बैल जुवात घ्या, त्याची बाहेरची शिवळ घाला, जोतं बांधा. जुवाचं दुसरं टोक मोकळ्या माणसाने धरून ठेवायचं. मग खोंडाला शेजारी आणायचं, घाईने नाही. जू त्याला हुंगू द्या. मग टोक उचलून वरून हलकेच मानेवर टेकवा, बाहेरची शिवळ घाला, जोतं बांधा. जू आपटून टाकलं तर उद्या जू दिसताच तो मान वळवेल. त्यानंतर दोघांच्या म्होरक्यांना जोडणारं एक दावं बांधा, हातभर ढिलं. खोंड तोंड बाहेर वळवून मागे फिरायला बघतो, ते या दाव्याने थांबतं.

पहिल्या दिवशी चालवायचं नाही. दहा मिनिटं उभं, थोडी पेंड, सोडलं. सोडताना क्रम उलटा: खोंड आधी मोकळा, बैल नंतर. हे कंटाळून उलटं केलं की काय होतं ते लक्षात ठेवा. बैल निघून गेला, जू खोंडाच्या मानेवर लोंबलं, टोक पायांवर आपटलं आणि तो जू घेऊन पळाला. असा एकदा पळालेला खोंड परत जुवाखाली आणायला महिना जातो. ओझं जोडलेलं असेल तेव्हा सगळ्यात आधी ओझं सोडायचं, मग खोंड, मग बैल.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वीस पावलं सरळ, उभं राहणं, परत वीस पावलं. आठवडाभर रिकामं जूच. वीस मिनिटांपासून सुरू करून अर्ध्या तासापर्यंत न्या. या आठवड्यात एकच गोष्ट बघायची, जू सरळ राहतंय का. मागून बघितलं की जू दोघांच्या पाठींना काटकोनात दिसायला हवं. खोंडाचं टोक पुढे गेलं असेल तर तो घाईत आहे, त्याचाच कासरा ओढ-सोड करून आवरा. टोक मागे पडलं असेल तर बैलाला आवरा आणि खोंडाला आवाज द्या. काठी उचलायची पहिली हुक्की इथे येते. मागे पडलेल्याला मारलं तर तो उसळून पुढे जातो, बैल दचकतो, आणि तुम्ही दोघांचीही चाल बिघडवून ठेवता.

वळणं सुरुवातीला रुंद घ्या, आणि शिकलेला बैल आतल्या बाजूला येईल अशी. आतल्याला जवळजवळ जागेवर पाय बदलायचे असतात, बाहेरच्याला मोठा फेर मारायचा असतो. जागेवर थबकणं खोंडाला उशिरा जमतं, पुढे चालणं लवकर. चार दिवस असं वळल्यावर उलट्या बाजूची वळणं सुरू करा. तेव्हा आधी खोंडाला आवाजाने थबकवा, मग बाहेरच्या बैलाला पुढे घ्या.

ओझं

ओंडका जुवाच्या मध्याला नाड्याने बांधा. नाडा आठ फुटांपेक्षा आखूड नको, नाहीतर थांबताना ओंडका टाचांवर येतो. पहिल्या दिवशी मोकळ्या माणसाने ओंडका नाड्यासकट आधी हाताने मागून ओढत न्यायचा, जोडी नुसती चालती. घासल्याचा आवाज कानावर पडला आणि काही झालं नाही असं दोन-तीन फेऱ्यांत कळलं की मग बांधा.

जुवाच्या मध्याचा एक हिशेब फार उपयोगी पडतो. मानांमधलं अंतर ४० इंच असेल आणि नाडा बरोबर मध्यावर असेल तर दोघांवर सारखी ओढ येते. नाडा शिकलेल्या बैलाकडे दोन इंच सरकवला की त्याच्या बाजूला १८ इंच उरतात आणि खोंडाच्या बाजूला २२. मग शंभर किलोच्या ओढीतली ५५ बैलावर जाते, ४५ खोंडावर. चार इंच सरकवला तर ६० आणि ४०. पहिले दोन महिने खोंडाला ही सवलत द्या आणि दर पंधरवड्याला नाडा इंचभर मध्याकडे आणत चला. पुढेही जोडीत एक बैल कमी ताकदीचा निघाला तर बदलायचं ते हेच. मात्र नाडा घसरू नये म्हणून जुवाला खाच हवी.

बैल सतत ओढू शकतो ती ओढ त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. तीनशे किलोच्या खोंडाला शिकताना याच्या निम्मी, म्हणजे पंधरा किलोची ओढ पुरे. ती साधा काटा लावूनही मोजता येते: जू आणि ओंडका यांच्यामध्ये लटकवायचा वजनकाटा अडकवा आणि माणसांनी ओढून बघा.

ओंडक्यावर आठ दिवस गेले की फळी, मग कुळव. नांगर सगळ्यात शेवटी आणि पहिल्या वर्षी शक्यतो नाहीच. नांगराची ओढ सारखी बदलते; मुळी लागली की एकदम थांबतं, सुटली की एकदम हलकं होतं. शिकाऊ खोंड त्या झटक्याला बावरतो. शिवाय एक बैल तासातून, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरातून, चालतो, दुसरा वरून. जू कायम कललेलं. तासातला बैल शिकलेला ठेवा.

काम तिसऱ्या आठवड्यात तासभर, तिसऱ्या महिन्यात दोन-तीन तास, मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती. खुराकात कडबा सहा ते आठ किलो, जमेल तेवढा ओला चारा, किलो-दीड किलो सरकी किंवा शेंगदाणा पेंड, तीसेक ग्रॅम मीठ. पाणी दम उतरल्यावर.

गाडी

गाडीची भीती वजनाची नसते, मागून येणाऱ्या आवाजाची असते. आधी चार दिवस खोंडाला गाडीशेजारी बांधून कडबा घाला. मग दोन माणसांनी रिकामी गाडी ओढायची आणि जोडी तिच्या पुढून, बाजूने, मागून चालवायची. जुंपायच्या दिवशी चाकांना पुढून-मागून दगड लावा, दांडी टेकूवर ठेवा आणि जोडीला गाडीखाली आणा. दांडीवरून खोंडाला उडी मारायला लावू नका, बाजूने आणा. जुंपून झालं की दहा मिनिटं उभं. एकाने मागे साट्यावर थाप मारायची, साखळी वाजवायची. कान फिरवून परत गव्हाणीकडे बघू लागला की दगड काढा.

पहिले आठ दिवस रिकामी गाडी, मातीच्या सपाट वाटेवर. डांबरी रस्त्यावर जायच्या आधी पत्र्या मारून घ्या. ट्रॅक्टर आणि एसटी समोरून येतात तेव्हा शिकलेला बैल रस्त्याच्या मध्याकडे, वाहनांच्या बाजूला राहील अशी जोडी ठेवा.

माल भरताना दोन चाकांच्या गाडीचा तोल बघा. पुढे जड झाली की सगळं ओझं मानेवर. मागे जड झाली की उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि जोतं गळ्याला आवळतं. खोंडाला याचा फार धसका बसतो, कारण श्वास कोंडतो आणि पाय जमिनीवरून सुटल्यासारखे होतात. भरून झाल्यावर एकट्या माणसाने जुवाजवळ दांडी दोन्ही हातांनी उचलून बघावी. सहज उचलली गेली आणि सोडल्यावर हळूच खाली आली तर तोल बरोबर. चढावर माल मागे सरकतो, म्हणून बांधलेला हवा. उतारावर गाडी पुढे लोटते आणि जू शिंगांकडे येतं. ब्रेक नसेल तर शिकाऊ जोडी घेऊन भरल्या गाडीने उतार उतरू नये.

बिघडतं कुठे

जुवाखाली बसणं ही सगळ्यात वाईट खोड, आणि ती लावणारे आपणच असतो. खोंड दमला किंवा घाबरला, बसला, आपण वैतागून त्याला सोडलं, घरी नेलं. त्याने हिशेब केला: बसलं की सुटका. शेपूट पिरगाळणं, नाकाशी धूर करणं हे उपाय सांगणारे भेटतील. शेपटीचे मणके मोडलेले बैल बाजारात दिसतात ते त्यांचेच. बसला तर बैलाला जागेवर उभा ठेवा, ओझं सोडा, जोतं सैल करा आणि गप्प उभे राहा. पाच-दहा मिनिटांत तो आपणच उठतो. उठल्यावर ओझ्याशिवाय दहा पावलं चालवा, मग सोडा. उद्या निम्मं ओझं. मात्र बसण्याआधी तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ गळतेय असं दिसत असेल तर ती खोड नव्हे, उष्म्याचा त्रास आहे. लगेच मोकळा करा, सावलीत न्या, अंगावर पाणी घाला, डॉक्टरला बोलवा.

पळणं. दोन्ही कासरे एकदम ओढून लोंबकळू नका, ओढ-सोड करा आणि एका बाजूचा कासरा जास्त ओढून जोडीला गोल फिरवा, नांगरटीत घाला. थांबली की लगेच सोडू नका. दोन मिनिटं उभी करून परत चालवा. मग कारण शोधा. बहुतेक वेळा नाडा आखूड असतो, नाहीतर काहीतरी पायाला लागत असतं.

एकमेकांवर रेलणं किंवा बाहेर फाकणं. रेलणारे बैल बहुधा उतरत्या बांधावर शिकलेले असतात, किंवा जू लांब असतं. फाकणाऱ्याला आतल्या शिंगाची भीती असते, नाहीतर जू आखूड. आधी जू बदलून बघा. तरीही फरक नसेल तर आठवडाभर बाजू बदला.

खांदा

प्रत्येक वेळी जू काढल्यावर तळहाताची मागची बाजू मानेवर ठेवा. आजूबाजूपेक्षा गरम लागलं, दाबल्यावर कातडी थरथरली, तर दुसऱ्या दिवशी जू नाही. पहिल्या दिवशी थंड पाण्याच्या घड्या, पुढे मिठाच्या कोमट पाण्याचा शेक. गाठ आली किंवा पाणी भरलं तर फोडू नका, डॉक्टरला दाखवा. सुजलेल्या खांद्यावर एक दिवस जुंपलं तर आठवड्याच्या जागी महिना जातो. कारणं ठरलेली: खरखरीत जू, पुढे जड गाडी, उंचीतला फरक आणि पावसात भिजलेली मान. ओल्या कातडीवर लाकूड घासलं की सालपट निघतं, म्हणून पावसात भिजलेल्या खोंडाला आधी कोरडं पुसा. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुपा-हळदीने खांदे मळतात. नव्या खोंडाला तेवढ्यावर ठेवू नका, पहिलं वर्षभर कामानंतर रोज पाच मिनिटं मान चोळावी.

बाजू बदलायला कधी शिकवायचं, याबद्दल दोन मतं आहेत. काही जण म्हणतात बाजू ठरली ती जन्माची. पण जोडीदार मेला किंवा विकला गेला की एकाच बाजूचा बैल अडून बसतो. पहिले दोन महिने बाजू पक्की ठेवा, त्यानंतर आठवड्यातून एकदा अर्धा तास दुसऱ्या बाजूला, हलक्या ओझ्यावर. म्होरक्यांना जोडणारं दावं त्या दिवशी परत बांधा.

मागे सरकणं सगळ्यात उशिरा शिकवा, गाडीला रुळल्यावर. आधी गाडीशिवाय, भिंतीसमोर उभं करून. दोन्ही कासरे हलके ओढ-सोड, छातीला हाताचा दाब, दोन पावलं मागे आली की पुरे. मग रिकाम्या गाडीसह, सपाटीवर, एका वेळी तीन पावलांपेक्षा जास्त नाही. मागे घेताना जू शिंगांच्या बुडाशी येतं, म्हणून त्या आधी जोतं तपासून दोन बोटांइतकं आवळून घ्या आणि पुढे निघताना आठवणीने परत सैल करा.